एका माठाचं हायस्कूल

दुबईच्या करामा भागात कोणी मराठी माणूस भेटला की बनसोडे काका नाव-गाव विचारत नाहीत. विचारतात, "तुमच्या शाळेत पाण्याचे माठ किती होते?"

पुण्याचा एक इंजिनियर चाचरत म्हणाला, फिल्टर होता. त्याच्या मुलीने सांगितलं, "अंकल, वी कॅरी बॉटल्स." काकांनी तेही वहीत टिपलं. मग छाती काढून म्हणाले, "आमच्या हायस्कुलात एकच माठ. दुसरा माठ लागणारे आलेच नाहीत ना."

अस्पृश्यांच्या मुलांसाठी गावाबाहेर काढलेलं ते हायस्कूल. पुढे कायद्याने सगळ्यांना खुलं झालं, पण वरच्या आळीचं एकही पोर तिकडं फिरकलं नाही. आता ते बंद पडलंय आणि काका त्याचा इतिहास लिहितायत. म्हणजे ते येरझाऱ्या घालत सांगतात आणि शेजारीण म्हणून मी टाइप करते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी, बीकॉम. हे काम मला मानाचं वाटतं. पण काका पडले एसी दुरुस्तीतले सुपरवायझर. वाक्य अर्ध्यावर टाकून स्टुलावर चढतात, माझ्या एसीची जाळी काढतात आणि वरूनच म्हणतात, "मोघम नको. यल्ला, चल, लिही." मी नुसतं 'वर्गखोली' लिहिलं, तर खिडक्या किती होत्या हे विचारायला लगेच सोलापूरला फोन. जुने विद्यार्थी एकेक करून चाललेत, म्हणून ही घाई.

सगळं झालं, एकच पान कोरं राहिलं: हेडमास्तर बनसोडे गुरुजींचं. काकांचे वडील. शिक्षण सोडून दुबईला पळालेल्या मुलाच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर धाडलं नाही. त्यांच्याबद्दल काय लिहावं, ते मुलालाच कळेना. ज्याला त्याला विचारतात. जो तो म्हणतो, फार कडक होते.

गेल्या रविवारी कुर्डुवाडीच्या एका निवृत्त कंडक्टरला फोन लागला. काकांनी स्पीकरवर ओळख सांगितली.

"म्हंजे दुबईवाले दादा? आवं, तुमच्यापायी लई मार खाल्ला आमी. गुरुजी तुमचं पत्र फळ्यावर उतरवायचे अन् आमाला चुका काढायला लावायचे. एकदा तेवीस निघाल्या."

काकांच्या येरझाऱ्या थांबल्या. "अख्खं पत्र उतरवायचे?"

"अख्खं. दोन-दोन दिवस पुसू द्यायचे न्हाईत."

फोन संपल्यावर मी विचारलं, हे लिहू का?

"लिही. मुलाचं नाव गाळ."

मी लिहिलं. काकांनी दारात जाऊन चपला घातल्या, आणि चपलांसकट परत आत आले.

"नाव टाक," म्हणाले. "अन् शुद्धलेखन नीट बघ."