दामलेकाका पत्ता विचारतात

दामलेकाका आधी पत्ता विचारतात आणि मग सांगणाऱ्याची चूक काढतात. पुण्यात हे खपतं. कॅनबेरात, ऐन कोविडमध्ये, एखादा जॉगर बिचारा कानातले इअरफोन काढून, लांब उभा राहून तळ्याकडचा रस्ता समजावतो. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “नो, नो. दॅट इज लाँग. गो फ्रॉम बिहाइंड लायब्ररी.” तो “नो वरीज, मेट” म्हणत पळतो आणि मी, त्यांचा शेजारी, बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो.

काका पुण्यात नगररचना खात्यात होते. नातवाच्या बारशाला मुलाकडे आले आणि सीमा बंद झाल्या. काकूंना विमानाची भीती, त्या पुण्यातच राहिल्या, एकट्या. परतीचं तिकीट रद्द झालं की काका माझी बेल वाजवायचे. “चल, राजधानी तपासून येऊ.”

मग आम्ही ऑस्ट्रेलियाची ती आखीव राजधानी पायी पालथी घालायचो. वर्तुळं, त्रिकोण, पार्लमेंटपासून तळ्यापलीकडे गेलेली सरळ रेघ. काकांना यातलं एकही पसंत नाही. “हातात कंपास आला म्हणून काय काहीही काढायचं? गावाला खूण लागते, अरे. पाहुण्याला काय सांगायचं, तिसऱ्या झाडाशी वळा?” मी एकदा मोबाइलवर नकाशा उघडला, तर तासभर बोलले नाहीत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकूंच्या लसीच्या दिवशी मात्र त्यांचं तोंड उतरलेलं होतं. सेंटर लांब, शेजारचे सगळे आजारी, आणि लग्न झाल्यापासून काकू बाहेर पडल्या त्या काकांच्या मागोमागच. “हरवेल रे ती,” म्हणाले. तळ्याकाठच्या बाकावर बसून फोनवरून ते काकूंना रस्ता सांगायला लागले.

“देवळाशी उजवीकडे. पुढे पिठाची गिरणी लागेल.”

“अहो, गिरणी कधीच बंद झाली. मोबाइलचं दुकान आहे इथे.”

“मग डावीकडे दवाखाना...”

“तोही नाही. राहू द्या तुम्ही. मी विचारते कुणाला तरी. ठेवते.”

काका फोन हातात धरून बसून राहिले. बऱ्याच वेळाने मेसेज आला: लस घेतली, घरी पोहोचले, काळजी नको.

“बघ, जमलं तिला,” काका म्हणाले.

“चांगलंच झालं की, काका.”

“चांगलंच झालं.” त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. “मी परत गेलो की मला नेईल ना रे बरोबर?”