बांधावरचं विमान

सावळारामआप्पांनी नोटीस घेतली नाही, तिथून सगळं बिघडलं.

पोस्टमन म्हाळू रजिस्टरचं पाकीट घेऊन दारात उभा होता आणि आप्पा ओट्यावर चहा पीत होते. पाकीट सरकारी आहे, मोजणीचं असेल, सही करा, असं म्हाळूनं दोनदा सांगितलं. आप्पांनी बशी खाली ठेवली नाही. "लिव्ह, मालक घरी न्हाई," असं मालकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि म्हाळूनं ते लिहून घेतलं.

यात आप्पांचा तसा दोष नव्हता. म्हणजे होताच, पण त्याला कारण होतं. धाकटा भाऊ माऊली आणि आप्पा यांच्या रानांमधल्या बांधावरून नऊ वर्षं भांडण चाललं होतं. पट्टा किती, तर तीन हात रुंद. या नऊ वर्षांत घरात जे जे पाकीट आलं ते माऊलीच्या वकिलाचं आलं, आणि फोडल्यावर आप्पांचं रक्त आटवून गेलं. तेव्हा आप्पांनी एक कायदा केला होता. पाकीट घ्यायचं नाही, म्हणजे ते आलंच नाही. राहू गावात हा कायदा पाळणारे ते एकटे नाहीत, पण आपल्याच अर्जाचं उत्तर परत पाठवणारे मात्र एकटेच. कारण मोजणीचा अर्ज आप्पांनीच केला होता. तोही साधा नव्हे, अतितातडीचा. त्यासाठी दौंडला हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या, आणि आता मोजणीची तारीख घेऊन आलेलं पाकीट त्यांनी चहा पीत पीत माघारी धाडलं.

दुसरी गोष्ट बंदुकीची. गेल्या पावसाळ्यात रात्रीची ड्रोनं फिरायची. कुणाची, कशासाठी, काही कळायचं नाही. चोर घरं हेरून ठेवतात म्हणे, असं पार वरवंडपासून लोक बोलत होते. राहूत माणसं काठ्या घेऊन जागली. काठ्या ढीगभर होत्या, बंदूक मात्र एकच, आप्पांची. वडलांच्या वेळची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. जो तो म्हणायचा, आप्पा, आता तुमच्यावरच भिस्त. माणसाला असं कुणी म्हणू नये. आप्पांनी ती बंदूक शेवटची उडवली होती सहा वर्षांपूर्वी, रानडुकरावर. डुक्कर धडधाकट पळून गेलं आणि विहिरीवरच्या मोटारीची पेटी फुटली. पण भिस्त ठेवणाऱ्यांना मोटारीची आठवण कोण करून देणार? आप्पांनी दिली नाही.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा आंघोळ करून टॉवेलवर उभे होते आणि मागच्या अंगाला त्यांची बायको झुंबरबाई भांडी घासत होत्या. एवढ्यात डोक्यावर भुणभुण सुरू झाली. ड्रोन घरावरून गेलं, गोठ्यावरून गेलं, विहिरीवर जरा थांबलं आणि वळून पुन्हा घरावर आलं. झुंबरबाई पदर सावरत आत आल्या. दिवसाढवळ्या यायला लागली मेली, म्हणाल्या, आणि गावात एवढी घरं असताना आपल्याच घरावर घिरट्या कशाला?

झालं. आप्पांनी बनियन घातली आणि बंदूक काढली.

आता उसाच्या पलीकडं काय चाललं होतं ते ऐका. बांधाच्या त्या टोकाला मोजणीवाली करुणा हातातल्या पडद्यावर बघत ड्रोन फिरवत होती. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याची पोरगी, चार महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली. शेजारी माऊली उभा होता. त्यानं आपली नोटीस गुमान घेतली होती, तारखेला वेळेवर हजर होता. अर्जदार कुठे आहेत, त्यांना बोलावून आणू का, असं करुणानं त्याला विचारलंही होतं. माऊली म्हणाला, मी हितं हाय म्हटल्यावर दादा यायचा न्हाई, तुम्ही करा सुरू, त्याच्या बाजूची हद्द मी दावतो. आणि खरंच, त्यानं आप्पांची हद्द आप्पा सांगायचे तीच दाखवली होती. हे आप्पांना कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. या बाजूचं त्या बाजूला दिसत नव्हतं. मोजणी उरकून ड्रोन खाली उतरायला लागलं, उसाच्या शेंड्यांना टेकलं म्हणावं इतकं खाली आलं, आणि आप्पांनी चाप ओढला.

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचा नेम लागला. ड्रोन जागच्या जागी हिसका देऊन उसात पडलं. आप्पा एवढे चकित झाले की बंदूक खाली करायचं विसरले. "झुंबरे, पाडलं बघ," असं त्यांनी घराकडं वळून सांगितलं. तो आनंद त्यांना जेमतेम एक श्वासभर मिळाला. मग उसापलीकडून माऊलीचं "आई गं" ऐकू आलं. नऊ वर्षांत ऐकला नव्हता, तरी तो आवाज आप्पांनी लगेच ओळखला.

आप्पा बंदूक टाकून उसातून तसेच घुसले. पलीकडं माऊली कान दाबून बसला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. एक छर्रा कानाच्या पाळीतून आरपार गेला होता. चार बोटं अलीकडं गेला असता तर काय झालं असतं, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. इकडं ड्रोनची बॅटरी धुमसायला लागली होती. करुणा लांब व्हा, पाणी टाकू नका, माती टाका, असं ओरडत होती. आप्पा दोन्ही हातांनी माती लोटत होते. उसाची पाच-सहा बेटं करपली तेव्हा कुठं ते थंड झालं. मग करुणा खाली बसली.

"काका," ती म्हणाली, "मी तुमचीच मोजणी करत होते."

तिनं अर्ज दाखवला. खाली आप्पांची सही होती, ठसठशीत, रेघ ओढलेली. आप्पा त्या सहीकडं बघत राहिले. त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

गावात तासाभरात बातमी फिरली की आप्पांनी विमान पाडलं. ही अफवा वाटेल, पण चौकशीला आलेल्या हौसराव हवालदारांनीच ती पक्की केली. कायद्यात ड्रोनला विमानातच धरतात, ते म्हणाले, आणि विमानाची नासधूस हा साधासुधा गुन्हा नाही. आप्पांनी बाजू मांडली की परवाना शेताच्या रक्षणाचा आहे आणि शेत आपलं आहे. हवालदारांनी परवाना उलटसुलट करून वाचला.

"आप्पा, ड्रोन पीक खात हुतं का?"

"न्हाई. पर माज्या रानावर आलं हुतं. माजं रान, त्यावरचं आभाळ माजंच की."

"सातबारा आना बरं. त्यात आभाळ कुटं लिवलंय दावा."

जमलेली माणसं हसली. हवालदारही हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की वर मारलेला छर्रा वर राहत नाही, कुणाच्या तरी डोक्यावर खाली येतो. ड्रोन त्रास देत असेल तर फोटो काढावा, फोन करावा, आम्ही बसलोय कशाला? एवढं बोलून ते जखमी इसमाचं नाव लिहायला वळले. माऊली. अर्जदाराशी नातं, सख्खा भाऊ. अर्ज कशाचा, तर बांधाच्या वादाचा. वाद कधीपासून, तर नऊ वर्षांपासून. हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी माऊलीच्या कानाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं. त्यानंतर तिथं कुणी हसलं नाही.

कारण हिशोब सरळ होता. भावांचं भांडण, हातात बंदूक, छर्रा भावाच्या कानात. आता आप्पा म्हणतात नेम ड्रोनवर होता. मारणारा दुसरं काय म्हणणार? याला खुनाचा प्रयत्न म्हणतात, असं हवालदारांनी सांगितलं तेव्हा झुंबरबाई मटकन खाली बसल्या.

दुपारी सगळे ठाण्यात गेले. करुणानं खरा जबाब दिला, आणि त्या खऱ्यानंच आप्पांचा घात होत होता. तिची नजर पडद्यावर होती, बंदूक तिला दिसलीच नाही, तेव्हा नेम कुणावर होता ते ती सांगू शकत नव्हती. आता उरला माऊली. तो दवाखान्यातून कानाला पांढरी पट्टी बांधून आला. त्याच्या एका शब्दावर आप्पा घरी जाणार होते, नाहीतर आत. आप्पांनी मान वर केली नाही.

"साहेब, दादानं माज्यावर न्हाई मारली," माऊली म्हणाला. "माज्यावर धरली असती तर मला लागलीच नसती. त्यानं डुकरावर धरली तवा मोटार गेली हुती."

हवालदारांना हसू आवरलं नाही. त्यांनी जबाब लिहून घेतला आणि ते मोठं कलम गेलं. उरलं ते काही थोडं नव्हतं. ड्रोनची केस झालीच, बंदूक जप्त झाली, परवाना रद्द व्हायच्या वाटेला लागला. पण आप्पा संध्याकाळी मोकळे झाले. करुणानं जाता जाता सांगितलं की ड्रोनमधलं सगळं गेलं, मोजणी आता नव्यानं लागेल. आणि तुमची हद्द भावानं तुमच्या म्हणण्याप्रमाणं दाखवली होती, हेही तिनंच सांगितलं.

बाहेरच्या बाकड्यावर दोघं भाऊ शेजारी बसले. नऊ वर्षांनी. मग माऊलीनं समोर बघतच विचारलं.

"दादा, एक इचारू? मी पलीकडं हाय, ह्ये तुला ठावं नव्हतं ना?"

नव्हतं रे, एवढंच आप्पांना म्हणायचं होतं. आत्ता जो माणूस आपल्यासाठी खोटा वाटेल इतका चांगला जबाब देऊन आला, त्यालाही खात्री नव्हती, हे त्यांना इतकं लागलं की शब्दच फुटेना. तेवढ्यात आतून हवालदारांनी सहीला हाक मारली. आप्पा उठून गेले. सही करून परत येईपर्यंत माऊली मोटारसायकल काढून निघून गेला होता.

काही उत्तरं जागेवरच द्यावी लागतात. उशिरा दिली की ती रचलेली वाटतात. दुसऱ्या दिवशी आप्पा माऊलीच्या दारात जाऊन म्हणाले, मला खरंच ठावं नव्हतं. माऊली म्हणाला, व्हय दादा. तिसऱ्या दिवशी जाऊन शपथ घेतली. माऊली म्हणाला, व्हय व्हय, आणि बायकोला सांगितलं, दादाला च्या टाक. पण अंगणात खेळणाऱ्या लेकीला, अपेक्षाला, आईनं हाताला धरून आत नेलं. ते आप्पांनी बघितलं. चहा त्यांना गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात माऊलीनं वकील सोडला. मोजणीची गरज नाही, भाऊ म्हणेल ती हद्द मला कबूल आहे, असं त्यानं लिहून दिलं. आणि एका सकाळी आप्पा रानात गेले तर बांधाचे दगड उपटून तीन हात पलीकडं, माऊलीच्या रानात, सरळ ओळीत रोवलेले होते. आप्पांनी नऊ वर्षं मागितला तो सगळा पट्टा, इंचही कमी नाही. तिथल्या मेथीचे दोन वाफे उभे होते, तेही माऊलीनं तसेच सोडले होते.

गावानं आप्पांचं अभिनंदन केलं. बंदूक गेली पण काम करून गेली, असं कुणीतरी म्हणालं. आप्पांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. घरी येऊन ते जेवले नाहीत. झुंबरबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, मला जमीन नको होती गं, मला फक्त त्यानं एकदा कबूल केलेलं हवं होतं. आणि आता कबूल केलंय तर ते असं.

मग त्यांनी ठरवलं की बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. दगड होते तिथं परत लावायचे. दगड उकरायला त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी पहार घेतली आणि भर उन्हात बांधाकडं निघाले. बांधाची वाट माऊलीच्या घरावरूनच जाते. आप्पा पहार खांद्यावर घेऊन तरातरा येताना दिसले आणि माऊलीच्या घराचं दार आतून लागलं. कडी घातल्याचा आवाज आप्पांना रस्त्यावर ऐकू आला.

आप्पा जागीच थांबले. खांद्यावरच्या पहारीकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, दोन पावलं मागं सरले आणि रिकामे हात पुढं करून उभे राहिले. म्हणायचं बरंच होतं, पण "माऊली" एवढीच हाक बाहेर आली.

थोड्या वेळानं दार बोटभर उघडलं. फटीतून माऊलीचा पट्टीचा कान आणि अर्धा चेहरा दिसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी आप्पा ओरडले की तो जसा बोलायचा, तसाच दबकत बोलला.

"दादा, आनखी दोन हात पायजेत का?"