पिवळं दिसलं की साहेबांकडे!

सर्रर्र! सारं घर झोपलेलं असताना बॅगेची चेन किंचाळली आणि चिमणीची आई चोर पकडला जावा तशी दारातच थिजली. आतून पटपट पावलं वाजली. केस विस्कटलेले, एकाच पायात मोजा, अशी तिची चार वर्षांची लेक समोर हजर!

"मला सोडून कुठे चाललीस?"

"ऑफिसला, राणी. आज बाबा आहेत ना घरी!"

"मी पण!"

बाबांनी उशीतूनच निकाल दिला. "ने की तिला! नाहीतरी हल्ली तू मोठमोठी कामं करतेस. त्यात ही एक भर!"

टोमणाच होता, पण तिने तो हारासारखा गळ्यात घालून घेतला. आज ती खरंच मोठं काम करणार होती!

त्याचं असं, कॉलेज संपलं की दोन वर्षं नोकरी आणि मग थेट बिझनेस स्कूल, असा तिचा बेत होता. मध्ये चिमणी आली आणि दोनाची पाच वर्षं कशी झाली ते कळलंच नाही. यंदा मात्र अर्ज करायचाच! पण त्यासाठी साहेबांचं शिफारसपत्र हवं, आणि उमेदवाराने चार माणसांचं नेतृत्व केलंय, असं त्यात लिहिलेलं हवं. पंप विकणाऱ्या कंपनीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नेतृत्व करायचं कोणाचं? स्टेपलरचं?

म्हणून ऑफिस वरच्या मजल्यावर हलवायची वेळ आली आणि सगळे जण अचानक आपापल्या चपला निरखू लागले, तेव्हा हिने हात वर केला.

"जमेल?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"डाव्या हातचा मळ, सर!"

"जमलं तर पत्र. नाही जमलं तर... बघू."

खोक्यांवर नावं लिहा, असं हिशेबनीस काका म्हणाले होते. हिला हसू आलं. नावं कशाला? रंग बोलतील! लाल स्टिकर हिशेबाचे, हिरवे विक्रीचे, निळे दुरुस्तीचे. आणि साहेबांचे पिवळे.

हमालांच्या मुकादमाला तिने बजावलं, "पिवळं दिसलं की आधी वर, साहेबांच्या नव्या केबिनच्या दाराशी! दुसरं काही बघायचं नाही. आणि आवाज नको, साहेब आत फोनवर आहेत."

"चिंता नको, ताई!"

उरलेले स्टिकर चिमणीच्या हातात देऊन ती रिकामी कपाटं वर पाठवायच्या मागे लागली. पोरगी कशी गप्प बसली होती! पोरं गप्प बसली की समजावं काहीतरी शिजतंय. पण नेत्यांना इतकं बारीक बघायला वेळ कुठे?

काम झरझर उरकलं. तिने मनातल्या मनात अर्जसुद्धा भरून टाकला. मग ती वर गेली.

हिशेब विभाग रिकामा. विक्री विभाग रिकामा. दुरुस्तीवाले मोकळ्या खोलीत हात चोळत उभे. आणि साहेबांच्या केबिनच्या दारात जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांची भिंत!

"अहो, हे काय?"

"सगळ्यांवर पिवळं होतं, ताई," मुकादम अभिमानाने म्हणाला.

तिने मान वळवली. चिमणी छाती फुगवून उभी होती. "पिवळे थोड्यांनाच होते. बाकीची रडली असती ना! म्हणून त्यांच्या लाल-हिरव्या-निळ्यावर पण मी पिवळे चिकटवले. सगळ्यांना सारखं वाटायचं, तूच सांगतेस!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "कोणी आहे का? मी फोनवर खिडकीबाहेर बघत होतो... हे दार कुठे गेलं?"

पाच वर्षांचा बेत तिला डोळ्यांपुढे पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलाकडे जाताना दिसला. ती स्टुलावर चढली.

"सगळे इकडे या! रांग करा! खोकं उघडा, आत बघा, ओळखलं की ओरडा!"

"पंपाचे वॉशर!"

"आमचे! सरकवा इकडे!"

"बिलं!"

"हळू! फाडाल!"

"अर्धवट विणलेला स्वेटर!"

हिशेबनीस काका पुढे झाले. "माझा आहे. द्या. हसायचं काय त्यात?"

आणि सगळा मजला खो खो हसला! भिंत उतरत गेली. आधी साहेबांचं टक्कल दिसलं, मग चष्मा, मग चेहरा.

"ही भिंत कोणाची?"

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. चिमणी तिच्या ओढणीमागे लपली.

"माझी, सर. नावं लिहिली नाहीत, आणि पोर मोकळं सोडलं. दोन्ही चुका माझ्याच."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. दुरुस्तीवाला हिशेबनीस काकांच्या हातात खोकं देत होता, वर स्वेटरच्या बाह्यांचं मापही विचारत होता.

"एरवी हे दोघे बोलत नाहीत, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात," साहेब म्हणाले. "पत्र देतो. पण भिंतीबद्दलही लिहीन हं!"

"खुशाल लिहा, सर!"

घरी जाताना बसमध्ये चिमणी मांडीवर बसली होती. आईचा चेहरा आज उजळलेला होता, धुळीने माखलेला असला तरी!

"आई, तू मोठ्या शाळेत जाणार?"

"त्यांनी घेतलं तर नक्की जाणार!"

"तिथे काय शिकवतात?"

"साहेब कसं व्हायचं ते."

"सगळ्यांना?"

"हो, सगळ्यांना!"

चिमणीने जरा विचार केला.

"मग खोकी कोण उचलणार?"