वझलवारकाकांचा तह

वझलवारकाका टिकल्या विकत घेतात. नेहरू नगरच्या दुकानातून, लाल आणि हिरव्या, एकेका वेळी चार-चार पाकिटं. व्हरांड्यात त्यांनी जगाचा नकाशा लावलाय. ज्या देशात दुसऱ्या देशाची फौज मुक्कामाला आहे, त्या देशावर टिकली. लाल अमेरिकेची, हिरवी रशियाची. जपान लाल, कोरिया लाल, जर्मनी लाल. दुकानदार एकदा म्हणाला, "अंकल, आंटी के लिए बड़ी वाली दूँ?"

"नहीं," काका म्हणाले, "देश छोटे हैं।"

कोटऱ्याच्या कॉलनीत आमची आणि त्यांची भिंतीला भिंत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि मी फारशी बोलत नाही. काकांना ऐकणारं माणूस असंच हवं होतं.

"बघ पुष्पा, पाहुणी फौज आधी म्हणते, तुमच्या रक्षणाला आलो. मग घरचे लढायचं विसरतात. मग ती गेली तर आपलं कसं, या भीतीनं तिलाच धरून ठेवतात. आपलं घर आपण राखायचं."

त्यांचा मुलगा मिलिंद नेमका जर्मनीत नोकरीला. तो फोनवर सांगायचा, "बाबा, इथे कुणाला काही त्रास नाही. लोक निवांत झोपतात."

"तेच म्हणतोय मी. झोपलेत."

कॉलनीनं चौकीदार ठेवला, तेव्हा काका आपली काठी घेऊन फाटकाशी बसायला लागले. दुपारी त्यांना डुलकी लागायची. चौकीदार हळूच काठी काढून बाजूला ठेवायचा, पडून जाग येऊ नये म्हणून. आम्ही हसायचो. मीही.

मग काकूंना लकवा मारला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. काका सत्तरीच्या पुढचे, तरी उचलणं, धुणं, पुसणं सगळं एकट्यानं करायचे. मिलिंद आला, आठ दिवस राहिला, दिवसभरासाठी सुनीता नावाची बाई ठरवली आणि विमानात बसला.

काकांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. त्यांनी तह लिहून काढला. फुलस्केप कागद, समास सोडलेला, सहा कलमं. कलम तीन असं: मुक्काम बाहेरच्या खोलीपर्यंत. आतल्या खोलीत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, कसलाही आवाज आला तरी.

"अंकल, मुझे पढ़ना नहीं आता," सुनीता म्हणाली. काकांनी वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. चांगली वळणदार आली होती, काकांनी कौतुकही केलं.

दोन महिने सुनीता बाहेर बसून भाज्या निवडत होती. आत काका काकूंना उचलायचे, त्यांची धाप बाहेर ऐकू यायची.

"अंकल, मैं आऊँ?"

"कलम तीन."

एका सकाळी मी काकूंसाठी मऊ खिचडी घेऊन गेले, तर सुनीता आतल्या दारापाशी उभी. "दीदी, अंदर कुछ गिरा है। आधा घंटा हो गया। मैंने पूछा तो अंकल बोले, बाहर रहो।"

मी हाक मारली, "काका?"

"थांब. येऊ नको."

आवाज जमिनीवरून येत होता. तरी मी थांबले. कागदावर सही माझी होती, आणि कुणाचं म्हणणं मोडायची मला सवय नाही. हातातली वाटी गार होईपर्यंत थांबले. मग काकू कण्हल्या, तेव्हा मी दार लोटलं.

दोघं फरशीवर होती. काकांचा पाय भलतीकडे वळलेला. काकूंचं डोकं त्यांच्या दंडावर. फरशी ओली, आणि काकूंचा गाऊन कमरेपर्यंत वर गेलेला. काका मोकळ्या हातानं तो खाली ओढायला बघत होते. हात पुरत नव्हता. इतका वेळ ते तेवढंच करत होते.

"पुष्पा, तिकडे बघ," ते म्हणाले. "तिला कुणी असं बघितलेलं चालत नाही गं. मलासुद्धा आधी दिवा मालवायला लावायची."

मी भिंतीकडे बघत चाचपडत गेले आणि गाऊन घोट्यापर्यंत ओढला.

"झाकलं सगळं?"

"हो काका."

"मग सुनीताला बोलाव."

काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ते वॉकर धरून चालतात. काकूंना उचलणं संपलं. सुनीता मुक्कामालाच असते. काकूंची कुठली कूस दुखते, कुठल्या हुंकाराला पाणी हवं असतं, ते आता तिलाच कळतं. काका तिला विचारतात. ती दोन दिवस गावी जाते म्हणाली की त्यांना जेवण जात नाही. मिलिंद फोनवर म्हणतो, "बघा बाबा, उगाच घाबरत होतात." काका हो म्हणतात.

सकाळी सुनीता दार लावून काकूंचं अंग पुसते. काका बाहेर वॉकर धरून उभे राहतात, दारावर टकटक करतात.

"येऊ का?"

"रुको अंकल, अभी नहीं।"

दार बंदच असतं. तरी काका पाठ फिरवून उभे राहतात.