मुंबईच्या खोलीची बोली

डाकोटा विमानाच्या कॅप्टनची खुर्ची सोडून आपण नव्या जेटवर सहवैमानिकाची खुर्ची मागून घेतली आहे, ही बातमी राजारामाने दुपारच्या पंगतीत सांगितली, आणि ती सांगण्याची वेळ चुकलीच. कारण आबांचा घास त्या क्षणी ताट आणि तोंड यांच्या मध्यावर होता व पुढे बराच काळ तो तिथेच राहिला. आबा हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झालेले. आपला धाकटा एकही लढाई न लढता कॅप्टन झाला, हे त्यांनी पाटणपासून कराडपर्यंत प्रत्येक ओळखीच्या माणसाच्या, आणि एसटीत शेजारी बसलेल्या कित्येक अनोळखी माणसांच्याही कानांवर घातले होते.

"म्हंजी खाली उतरवलं तुला?" आबांनी विचारले.

"उतरवलं न्हाई आबा. मीच मागितलं."

"आपन होऊन खाली उतरलास?" थोरला भाऊ धोंडिराम म्हणाला. "शिकलेल्या मानसाचं लय अवघड असतंय."

राजारामाने मग सविस्तर उलगडा केला. डाकोटा विमाने आता म्हातारी झाली. आज ना उद्या ती जाणार. जेटवर जो आधी शिरेल, तो तिथे आधी कॅप्टन होईल. नवी विमाने आली की कंपनी रिकाम्या खुर्च्या जाहीर करते, प्रत्येक वैमानिक आपली पसंती, म्हणजे बोली, कळवतो, आणि खुर्ची मिळते ती केवळ नोकरीतल्या ज्येष्ठतेने. जो आधी रुजू झाला त्याचा हक्क आधी. साहेबाचा मेहुणा असला तरी त्याने आपल्या क्रमाची वाट पाहायची. खुर्ची मिळाली की प्रशिक्षण, प्रशिक्षणानंतर दोन वर्षे बदल नाही. आणि त्याने सोडलेल्या खुर्चीवर खालचा, त्याच्या खुर्चीवर त्याच्या खालचा, असे एका विमानापायी कितीतरी लोक सरकतात.

"भांडान?"

"न्हाई."

"वशिला?"

"न्हाई."

"मग कंपनी चालती कशी?" असे म्हणून आबांनी तो घास अखेर तोंडात घातला आणि ते विचारात गढून गेले.

त्यांची ही जिज्ञासा केवळ तात्त्विक नव्हती. राजारामाने या खेपेस मुंबईहून पितळी स्टो आणला होता. घरात आलेली नवी वस्तू आधी वापरण्याचा मान पहिल्या सुनेचा, असे थोरल्या अंबूबाईचे म्हणणे. सांगलीला आपल्या माहेरी स्टो असून त्याला पंप कसा मारावा हे या घरात फक्त आपल्याला कळते, असे मधल्या रंगूबाईचे म्हणणे; तिचा नवरा त्या दिवशी बाजाराला गेला होता. परिणामी स्वयंपाक चुलीवरच होत राहिला, आणि स्टो हळदकुंकू लावलेल्या अवस्थेत देव्हाऱ्याशेजारी बसून राहिला. तिसरी सून म्हणजे राजारामाची बायको बनुबाई. पण अशा प्रश्नांवर तिसऱ्या सुनेला मत नसते, म्हणून ती गोठ्यात होती.

आबांनी हात धुताधुताच हुकूम सोडला. आजच्या चहानंतर स्टो, चूल आणि गोठा या जागांची बोली होईल. लग्नाची तारीख तीच रुजू झाल्याची तारीख. दोन वर्षे बदल नाही.

राजारामाच्या मनात त्या क्षणी जे लखकन चमकले, त्याला कारण होते. कंपनीने त्याला मुंबईत खोली दिली होती, आणि 'बनूला घेऊन जातो' हे एवढेसे वाक्य उच्चारण्यासाठी तो गेल्या तीन रजांपासून धडपडत होता. पण वडीलधाऱ्यांसमोर स्वतःची बायको मागायची, हे त्या घरात कोणी केले नव्हते. त्यापेक्षा वादळी ढगातून डाकोटा काढणे त्याला सोपे वाटे. आता आवाज शक्य तितका उदासीन करून तो म्हणाला, "आबा, मुंबईच्या खोलीचीबी एक जागा धरावी लागंल. सैपाकपान्याची. लांबची ड्यूटी हाय, कुनी मागायचं न्हाई. पर नियमाला धरून असावी."

मुलाच्या निःपक्षपातीपणाचे आबांनी तोंड भरून कौतुक केले. राजारामाचे गणित पक्के होते. थोरली स्टो घेणार, मधली चूल. मग गोठा आणि मुंबई यांतून बनू काय निवडील, हे सांगायला कोणी नको. अशाच हिशेबाने त्याने जेटची खुर्ची मिळवली होती.

चहा झाला. आबा लष्करी टोपी घालून ओट्यावर बसले.

"बोला, थोरल्या सूनबाई."

अंबूबाईने पदर सावरला, स्टोकडे पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि म्हणाली, "मुंबई."

राजारामाच्या बशीतला उरलासुरला चहा त्याच्या लेंग्यावर सांडला. "वैनी, स्टो हाय की हितं."

"तितंबी असंलच की, भावजी."

तिथेही होता. निरुपाय होऊन राजारामाने प्रशिक्षणाचा मुद्दा काढला, आणि पात्रता तपासल्याशिवाय नेमणूक नाही हे आबांनी तत्काळ मान्य केले. मग पात्रता तपासण्याच्या निमित्ताने तो भावजयीला मुंबईची भीती घालू लागला. तिथे म्हशी नाहीत. शेण नाही, सरपण नाही, शेताला भाकरी न्यायची नाही. पाणी पहाटेच नळाला येऊन जाते आणि मग दिवसभर माणसाला करायला काही उरत नाही. तो जसजसा बोलत गेला, तसतसे अंबूबाईच्या मुखावर वैकुंठाचे वर्णन ऐकणाऱ्या भाविकाचे तेज चढत गेले. आणि वाक्य संपण्यापूर्वीच रंगूबाई पुढे सरसावून म्हणाली, की थोरल्या बाईंनी माघार घेतली तर मुंबईवर दुसरा हक्क आपला, नाही घेतली तर आपली बोली स्टो.

एवढ्यात धोंडिरामाच्या ध्यानात काहीतरी आले.

"आन् मी?" तो म्हणाला.

"तुझं जेवान रंगूबाईच्या स्टोवर," आबा म्हणाले.

"जेवनाचं न्हाई वो. अंबू मुंबईला, मग मी कुटं?"

"हाईस तितं. तू बोली दिलीस का?"

आपल्याला कोणी बोली विचारलीच नाही, आपल्यालाही या योजनेत कुठली तरी जागा मिळालीच पाहिजे, अशी तक्रार धोंडिरामाने नोंदवली. आबांनी ती विचारार्थ ठेवून घेतली आणि बनूला पुकारले. तिच्या वाट्याला आता चूल आणि गोठा उरले होते. ती दाव्याचा फेर हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिने एकवार नवऱ्याकडे पाहिले. वैमानिकच पाठीला हवाई छत्री बांधून बाहेर निघाला, तर प्रवासी त्याच्याकडे जसे पाहतील, तसे ते पाहणे होते.

"जरा थांबा," आतून आवाज आला, आणि पदराला हात पुसत राजारामाची आई, लक्ष्मीबाई, ओट्यावर आली. "मला कुनी इचारलंच न्हाई."

"तुला काय इचारायचं?"

"आवं, आदी आल्याचा हक्क आदी म्हनताय न्हवं? अंबूच्या आदी ह्या घरात कोन आलं?"

आबांनी उत्तरासाठी तोंड उघडले. परंतु उत्तर त्यांच्या स्वतःच्याच नियमात होते. "बोल मग," ते म्हणाले.

"मुंबई."

अंबूबाई मुंबईवरून स्टोवर आली, रंगूबाई स्टोवरून चुलीवर. ही साखळी इतक्या रेखीवपणे सरकली, की त्या संकटातही राजारामाला तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहिला नाही.

"पर मला एकटीला जमायचं न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. "राजा, इमान एकटा मानूस चालीवतो का रं?"

"न्हाई आई. शेजारी दुसरा लागतोच."

"मग माज्या शेजारी बनू. आन् गोठा धोंडिरामाला. जागा मागत हुता न्हवं त्यो?"

हरकत घेण्यासारखे काही नव्हते. धोंडिरामाला होती, पण त्याची आधीची तक्रार अजून विचाराधीन होती.

सकाळचा चहा कोण देणार आणि त्यानंतर दिवसभर आपण वाद कोणाशी घालणार, हे दोन्ही प्रश्न आबांना मात्र आता एकदम सुचले असावेत.

"दोन वर्सं बदल न्हाई मिळायचा," ते चाचरत म्हणाले.

"ठावं हाय. तुमीच केलाय न्हवं नियम."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. हुकूम मागे घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि हुकूम पाळणे त्यांच्याने होत नव्हते. उरलेला सनदशीर मार्ग एकच होता.

"सगळ्यांत ज्येष्ठ मी हाय," ते म्हणाले. "माजी बोली मुंबई."

"सैपाक येतोय?"

"ट्रेनिंग घेतो की."

लक्ष्मीबाईने ते मान्य केले, आणि खोली कशी काय आहे ते राजारामाला विचारले. एकच खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा कोपरा, मोरी आणि बाहेर एक चिंचोळी गॅलरी, असे त्याने सांगितले. लगोलग खिडकीखालची कॉट आबांकडे गेली, तिच्याखालची जमीन लक्ष्मीबाईने मागितली, आणि ट्रंका कुठे लावायच्या यावर दोघांचा वाद रंगला. राजाराम ऐकत होता. त्याची इच्छा अक्षरशः पुरी झाली होती, आणि त्या पुऱ्या झालेल्या इच्छेत बायकोशी दोन शब्द बोलायलाही जागा राहिली नव्हती.

बनू बादली घेऊन त्याच्या शेजारून गेली. मान खाली, पदर कपाळापर्यंत. पण चाल जरा मंद झाली.

"गॅलरी कुनी मागितली न्हाई अजून," ती पुटपुटली.

तीन रजा ज्याच्या घशातून एक वाक्य निघाले नव्हते, तो माणूस ताडकन उभा राहिला आणि वडील, आई, थोरला भाऊ व दोन्ही भावजया यांच्या देखत, डाकोटाच्या इंजिनांवर मात करण्याची सवय असलेल्या आवाजात म्हणाला, "गॅलरी. मी आन् बनू."

अंबूबाईने तोंडाला पदर लावला. बनूच्या हातातली बादली खाली आली. आबांनी मुलाकडे बराच वेळ पाहिले, मग सुनेकडे, मग बायकोकडे. आणि बायको हसते आहे हे पाहून त्यांनी घसा खाकरला.

"कुनाची हरकत?"

कोणाचीच नव्हती.

"मंजूर," आबा म्हणाले. "पर ध्यानात ठेवा, दोन वर्सं बदल न्हाई."