शेजारच्या खाटेची तक्रार

रामकिशनराव पेशंटला त्याचा स्वतःचा त्रास कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, "शेजारच्याला काय तरास हाय?"

परभणीतल्या आमच्या दवाखान्यात शुगरचा पेशंट भरती झाला की चौथ्या दिवशी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेतात. इन्सुलिनची सुई वेळेवर मिळते का, जेवण कसं आहे, कुणी नीट समजावून सांगतं का. हे विचारायचं काम रामकिशनरावांचं आणि फॉर्मचे गठ्ठे लावायचं माझं. सुरुवातीला सगळे फॉर्म सारखेच यायचे. पेशंट पेडगावचा असो की पाथरीचा, सगळं बरं आहे म्हणायचा. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या भाजीत मीठ कमी होतं, हे आपल्याकडे कोण तोंडावर सांगतं?

मग रामकिशनरावांनी ही युक्ती काढली. स्वतःबद्दल गप्प बसणारी माणसं शेजाऱ्याची वकिली मात्र झकास करतात. एक म्हातारी म्हणाली, "माझं लय बेस हाय. पण त्या खाटेवरच्या बाईला सुई सातला देत्यात अन् ताट येतंय नऊला. घाम फुटायलाय तिला."

त्या बाईला विचारलं, तर तिनं म्हातारीबद्दल हेच सांगितलं. रामकिशनरावांनी दोघींचं म्हणणं एकमेकींच्या फॉर्मवर लिहिलं. ही काय पद्धत झाली म्हणून दवाखान्याचे मोठे डॉक्टरसाहेब चिडले. रामकिशनरावांनी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. पण महिन्याभरात सुईच्या मागोमाग ताट येऊ लागलं, हे खरं.

माणूस तसा तुटक. बिनसाखरेचा चहा एका दमात संपवायचा आणि उठायचं. घरचं काही विचारलं की "बेस हाय", विषय संपला.

गेल्या महिन्यात त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि ते त्याच वॉर्डात भरती झाले. चौथ्या दिवशी फॉर्म घेऊन मी गेलो. सगळं बरं आहे म्हणाले. मला हसू आलं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

त्यांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "शेजारच्याचं औषधपाणी टायमावर हाय. पण भेटायच्या वेळंला दाराकडं बघत बसतंय बिचारं. पोरगी पुण्याला असती. कुणीच येत न्हाई."

त्यांच्या शेजारची खाट पहिल्या दिवसापासून रिकामी होती.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एका टेबलावर बसून मी त्यांच्या "बेस हाय"वर विश्वास ठेवला होता. त्यांनी सांगितलं ते मी फॉर्मवर जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी घरून डबा बांधून घेतला आणि भेटायच्या वेळेला जाऊन त्या रिकाम्या खाटेवर बसलो.