अगोड पुडीची गोष्ट

"सलीना, पाहुण्यापुढे अगोड चहा कधी ठेवायचा नाही. त्याला वाटतं, आपण या घरात नकोसे झालोय." आई जाऊन तीस वर्षं झाली, तरी चुलीवर किटली चढवताना सलीनाला हा आवाज रोज ऐकू यायचा. देवाचं नाव घ्यायचं, मग आईचं, आणि मग साखर घालायची, हा तिचा नेम होता.

इतेन गावातल्या धावपटूंच्या शिबिरात ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. सगळे तिला 'कोगो' म्हणत, म्हणजे आजी. पहाटे लाल मातीच्या रस्त्यावरून वीस-वीस किलोमीटर धावून पोरं परतली, की त्यांच्या हातात दाट दुधाचा, सढळ साखरेचा चहा आणि उकडलेलं रताळं पडायचं. पदकं भिंतीवर टांगलेली होती. त्यांच्यावरची धूळ कोगो स्वतः पुसायची, कारण प्रत्येक पदकात आपला एक तरी पेला चहा आहे, याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती.

त्यामुळे नैरोबीहून आहारशास्त्राचे डॉक्टर वाफुला तीन डबे घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना आधी चहा दिला आणि मगच संशय घेतला.

"धावून आल्यावर अर्ध्या तासात शरीराला साखर हवी असते," वाफुला तिसरा पेला संपवत म्हणाले. "पण कोणती साखर, हा खरा प्रश्न आहे. या डब्यात ग्लुकोज, यात फळांतली साखर, आणि यात माल्टोडेक्स्ट्रिन, मक्यातून काढलेली साखर. आधी हा तिसरा डबा. सहा जण तुमचा चहा घेतील, सहा जण ही पूड पाण्यातून. सकाळी धावायचं, पेय घ्यायचं, चार तासांनी पुन्हा धावायचं. ज्यांचे पाय लवकर ताजे होतील, ते पेय जिंकलं."

"आणि चहा हरला तर?" कोगोने विचारलं.

कोच बर्नगेटुनींनी घसा साफ केला. "तर किटली खाली उतरवायची, कोगो. वर्षभर पूडच. तुम्ही फक्त कागदावर लिहिल्याबरहुकूम पेय करा. शब्द द्या."

कोगोने शब्द दिला. डॉक्टरांनी जाता जाता एक कलम वाढवलं, "आणि चहाबरोबर रताळं नको. नुसता चहा."

दुसऱ्या दिवशी तिने पूड मोजली, पाण्यात ढवळली आणि चमच्याच्या टोकाने चाखली. मग पुन्हा चाखली.

"जेसांग, इकडे ये," तिने आपल्या नातीला हाक मारली. जेसांग पूडवाल्या सहांमध्ये होती. "ही साखर आहे?"

जेसांगने घोट घेतला. "कोगो, ही तर कपड्यांची खळ आहे."

"बिचारा डॉक्टर. एवढा शिकलेला आणि दुकानदाराने फसवला त्याला."

तरीही तिने शब्द पाळला. सहा जणांनी ते पाणी तोंड वाकडं करून घेतलं, आणि एकाने कुंपणाआड जाऊन झाडांना पाजलं. हे मात्र कोगोने खिडकीतून पाहिलं. तिच्या हातचं कुणी ओतून देतंय, असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. रात्रभर तिला वाटत राहिलं, की त्या सहा लेकरांना आपणच घराबाहेर काढलंय.

तिसऱ्या सकाळी तिने कागद नीट वाचला. पूड किती, पाणी किती, सगळं होतं. साखर घालू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिने देवाला साक्षी ठेवून पुडीच्या पाण्याच्या घागरीत तीन मुठी साखर टाकली आणि ढवळली.

सहाही बाटल्या निथळून परत आल्या.

चौथ्या दिवशी पूडवाले दुपारी हरणासारखे पळाले. पाचव्या दिवशी चहावाले त्यांची धूळ खात मागून आले. वाफुला घड्याळ हातात धरून मैदानात नाचायचेच बाकी राहिले. "एकट्या माल्टोडेक्स्ट्रिनने एवढा फरक! जगात कुणाला दिसला नाही हा!" त्यांनी विद्यापीठाला फोन केला. कोचनी शिबिराच्या मंडळाला कळवलं. सोमवारपासून किटली बंद, आणि ती चर्चच्या स्वयंपाकघराला द्यायची, असं ठरलं.

कोगो भांडी घासत बसली. जेसांग शेजारी येऊन उकिडवी बसली.

"कोगो, आता सांगून टाक ना."

"काय सांगू? मी शब्द मोडला असं?"

"मग गप्प बस. तुझी अब्रू राहील."

"आणि किटली जाईल."

"एक काहीतरी जाणारच."

कोगोने पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि सरळ कोचच्या खोलीत गेली. वाफुला तिथेच आलेखावर रंगीत रेघा ओढत होते.

"डॉक्टर, ती तुमची पूड नाही जिंकली," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मी त्यात साखर घालत होते. रोज तीन मुठी."

वाफुलांच्या हातची रेघ कागदाबाहेर गेली. कोच हळूच म्हणाले, "कोगो, तुमच्या शब्दावर आम्ही घड्याळ लावतो. आता कशावर लावायचं?"

ते तिला फार लागलं. पण तिने मान खाली घातली नाही. "शब्द मोडला तो मोडला. पण माझ्या दारात मी कुणाला अगोड पाजणार नव्हते."

मग वाफुलांनी वजनकाटा पुढे ओढला. "तीन मुठी घालून दाखवा."

तिने घातल्या. एकशे ऐंशी ग्रॅम. पुन्हा घातल्या. एकशे एक्क्याऐंशी. आणखी एकदा, एकशे ऐंशी. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"कोगो, पोटात साखरेला आत शिरायला दोन दारं असतात," ते म्हणाले. "माझी पूड एकाच दारावर गर्दी करत होती. तुमच्या साखरेत फळांतली साखरही असते, तिने दुसरं उघडलं. हे मिश्रण सुचवायला मी पुढच्या महिन्यात येणार होतो. चार वर्षं शिकलोय त्यासाठी."

"मग चहा का हरला?" कोचनी विचारलं. "साखर तर त्यातही आहे."

"एकटा चहा कोण देतं?" कोगो म्हणाली. "रताळं तुम्हीच बंद केलंत."

वाफुलांनी कागदावर दूध, साखर, रताळं असं लिहून भराभर आकडे मांडले, आणि बेरीज आपल्या मिश्रणाइतकीच आलेली बघून तो कागद घडी करून खिशात घातला. "चाचणी पुन्हा करावी लागेल," ते कोचकडे न बघता म्हणाले. "यावेळी चहाबरोबर रताळं. आणि पूड नुसती. अगदी नुसती."

"मंडळाला मी सांगतो, तोवर किटली जागेवर राहील," कोच म्हणाले. "पण कोगो..."

"सात दिवस," ती म्हणाली. "एक दाणासुद्धा पडणार नाही. तुम्ही मागायच्या आधी मीच देते शब्द."

"आणि डॉक्टर, तुम्हीही त्या सहांबरोबर तीच पूड घ्यायची," कोच म्हणाले. "चहा नाही."

वाफुलांचा चेहरा पडला, पण त्यांनी मान डोलावली.

सोमवारी झुंजुमुंजू झालं तेव्हा दरीवर धुकं होतं. कोगोने प्रार्थना केली. किटली चढवली, रताळी उकडायला टाकली. मग पुडीचा डबा पुढ्यात घेऊन ती थोडा वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. साखरेची एकोणीस वर्षांची सवय असलेला हात तो, त्याचा काय भरवसा. तिने डोक्याचा रुमाल सोडला, उजव्या मुठीला घट्ट गुंडाळला, दातांनी गाठ मारली, आणि डाव्या हाताने पूड मोजायला घेतली.